बोलावलेला पाहुणा

मोठी निवडणूक तिसऱ्यांदा हरल्यावर पक्षाच्या कचेरीत कुणी कुणाशी भांडलं नाही, तेव्हाच ताईला कसंतरी झालं. आधीच्या पराभवांनंतर खुर्च्या सरकल्या होत्या, आवाज चढले होते, एकमेकांचे बाप निघाले होते, आणि मग सगळे मिळून कोपऱ्यावर चहाला गेले होते. या वेळी माणसं भिंतीला पाठ टेकून नुसती बसून राहिली. कुणाच्याच अंगात त्राण नव्हतं. शेवटी ताईच म्हणाली, "आता कुणीतरी बाहेरून या बाबांनो, आणि आमचं काय चुकलं ते सांगा." कुणी हसलंही नाही.

ताई पक्षाची नगरसेविका. घरात ती एकट्या धाकटीची ताई, पण बाहेर तिच्या बापाच्या वयाची माणसंही तिला ताईच म्हणत. पालिकेच्या इस्पितळातल्या लाँड्रीत तिची आई आयुष्यभर कामाला होती, ताईनेही तिथे तरुणपणाची वर्षं काढली होती, आणि धाकटी अजून तिथेच होती. लाँड्रीत एकदा मोठा संप झाला, त्यातून ताई पक्षात आली. मोठ्या निवडणुकांत पक्षाचं पानिपत झालं तरी शहराची पालिका तेवढी कशीबशी हातात राहिली होती, आणि पालिकेबरोबर इस्पितळ, आणि इस्पितळाबरोबर लाँड्री.

पाहुणा त्यानंतर लवकरच आला. पक्षाच्या शिबिराला आलेला पाहुणा म्हणून सगळे त्याला पाहुणा म्हणू लागले आणि शिबिर संपल्यावरही तो गेला नाही, म्हणून तेच नाव राहिलं. त्याला कचेरीतली वरची खोली दिली. तिथे मोर्च्याचे फलक, काठ्या, रंगाचे डबे असं सगळं पडलेलं असायचं. ते आधी जिन्यात आणून ठेवलं, मग जिन्यातूनही ते कुठे गेलं कुणाला कळलं नाही. खोलीला पांढरा रंग लागला, गोल टेबल आलं आणि जमिनीवर जाड गालिचा पसरला. त्या जुन्या इमारतीत पायरीन् पायरी करकरायची. वरच्या खोलीत पाऊल टाकलं की मात्र आपलंच पाऊल ऐकू यायचं थांबायचं. चपला बाहेर काढून ठेवायची पद्धत कुणी सांगितली नव्हती, ती आपोआप पडली.

त्याला कुणी बोलावलं, हेही नीटसं कुणाला माहीत नव्हतं. खजिनदाराला वाटायचं मास्तरांनी बोलावलं. मास्तर म्हणायचे, मुख्य कचेरीने पाठवलंय. ताईने मुख्य कचेरीला फोन केला, तर तिकडची बाई म्हणाली की तो तुमच्या शहराचाच माणूस ना.

त्याचा आवाज फार खालचा होता. ऐकायचं तर टेबलावर वाकावं लागायचं, त्यामुळे त्याच्यापुढे सगळेच वाकून बसत. तो कुणाचं काही खोडून काढायचा नाही. आपण आपलं म्हणणं मांडायचं, तो पूर्ण ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बरोबर. आणि मग?" आपण आणखी बोलायचं. तो पुन्हा म्हणायचा, "आणि मग?" असं करत करत आपल्याजवळचं सगळं बोलून संपायचं आणि खोलीत शांतता पडायची. ती शांतता इतकी जड व्हायची, की ती मोडण्यासाठी आपणच काहीतरी बोलून जायचो. इस्पितळाचा खर्च झेपत नाही हे खरंच आहे म्हणा, किंवा लोकांना आता आमचा कंटाळा आलाय हेही खरं. तेव्हा कुठे तो पहिल्यांदा मान हलवायचा.

आधी खजिनदार बदलला. तो पूर्वी सभेत बोटं नाचवून बोलायचा, आता पाहुण्यासारखे दोन्ही तळवे टेबलावर सपाट ठेवून बोलू लागला. मग युवक शाखेचा पोरगेला अध्यक्ष तसेच तळवे ठेवू लागला. मग शब्द गळायला लागले. बंदी कुणी घातली नव्हती. बोलता बोलता माणूस "संप" या शब्दापाशी यायचा आणि अडायचा, घरातल्याच माणसाचं नाव आठवू नये तसा, आणि मग कसनुसं हसून दुसराच शब्द वापरायचा. इस्पितळातल्या आजाऱ्यांना कुणीतरी ग्राहक म्हणालं आणि बैठकीत एकानेही वर पाहिलं नाही. लाँड्री ठेकेदाराला द्यायचा विषय पहिल्यांदा निघाला, तेव्हा देणं हा शब्दसुद्धा आला नाही. लाँड्री मोकळी करायची, असं खजिनदार म्हणाला. जणू कुणी तिला बांधून ठेवली होती.

मास्तर असेपर्यंत असलं काही होणार नाही, अशी ताईची खात्री होती. मास्तर शहर शाखेचे अध्यक्ष. पेशाने भूगोलाचे शिक्षक, आवाज असा की त्यांना माईक दिला तर माईकच घाबरतो, असं लोक म्हणायचे. लाँड्रीच्या संपात ते बॉयलरच्या खोलीच्या पायऱ्यांवर उभे राहून बोलले होते, आणि ताई खाली बादली हातात धरून उभी होती. आजारी माणसाच्या अंगाखाली जी चादर जाते ती नफ्याची वस्तू नाही, असं ते म्हणाले होते. त्या एका वाक्याने ताईचं सगळं आयुष्य वेगळ्या रस्त्याला लागलं.

लाँड्रीचा विषय निघाल्यावर मास्तर चिडले. "त्याला जिन्यावरून खाली ढकलतो," म्हणाले आणि दुपारी वर गेले. ताई खाली बाकावर बसून राहिली. गडगडाट कधी सुरू होतो याची ती वाट पाहत होती. समोरच्या टायरच्या दुकानातली हवा भरायची मशीन चालू होत होती, बंद होत होती. वरून काहीच ऐकू आलं नाही.

चहाच्या वेळेला मास्तर कठड्याला धरून खाली आले. चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता. ताईशेजारी बसून, तिला वाकून ऐकावं लागेल इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, की लाँड्रीबद्दल आपण जरा वास्तवाला धरून विचार केला पाहिजे. ताईने त्यांना बॉयलरच्या पायऱ्यांची आठवण करून दिली.

"मी असं कधी म्हटलं नव्हतं, पोरी," मास्तर प्रेमाने म्हणाले. "धुलाई चांगली झाली पाहिजे, असं म्हटलं होतं. कोण धुतं, हा प्रश्न मी कधीच काढला नाही."

"मी तिथे उभी होते, मास्तर."

"हो ना. तू होतीसच." आणि त्यांनी तिच्या हातावर थोपटलं.

ताई त्यांना फार वर्षं ओळखत होती. मास्तर खोटं बोलले की त्यांचे कान लाल व्हायचे, अख्ख्या शाखेत त्यावर विनोद चालायचे. आता त्यांचे कान अगदी नेहमीसारखे होते.

दुसऱ्या दिवशी ती लाँड्रीत धाकटीकडे गेली. वाफेने भिंती घामेजलेल्या होत्या, जंतुनाशकाचा वास नाकात बसत होता. इस्त्रीच्या मोठ्या रोलरमधून चादरी कडक होऊन बाहेर पडत होत्या आणि धाकटी त्या एकटीच ओढून घेत होती, कारण तिची जोडीदारीण त्या दिवशी आली नव्हती. ताईने न विचारता दुसरी टोकं धरली. दोघींनी चादर ताणायची, झटकायची, चालत एकमेकींजवळ यायचं, टोकाला टोक जुळवायचं आणि पुन्हा मागे जायचं. हाताची सवय गेली नव्हती. येता-जाता ताईने मास्तरांचं सगळं सांगितलं, आणि आता आपणच वर जाणार आहोत, हेही सांगितलं. पालिकेच्या सभेत ठराव येईल तेव्हा उत्तर द्यायचं तर त्याचं म्हणणं काय आहे ते आधी कळायला हवं.

धाकटी जवळ आली तेव्हा टोकं हातात देता देता म्हणाली, "ताई, तू वर जाऊ नकोस."

"मी काय लहान मूल आहे?"

"मास्तर लहान होते का?"

ताई हसली. धाकटी हसली नाही. तिने पुढची चादर ओढली आणि म्हणाली, "त्याचं म्हणणं ऐकून कुणी काही शिकत नाही गं. तो बोलतच नाही ना काही. तूच सांगितलंस."

तरी ताई गेली. चपला बाहेर काढताना आपण त्या काढतोय हे तिच्या लक्षात आलं, पण पुन्हा घालाव्यात असं वाटलं नाही. पाहुणा उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली. इतक्या जवळून ती त्याला पहिल्यांदाच पाहत होती. रंग गोरा की सावळा, वय तिशीचं की पन्नाशीचं, काही ठरवता येईना. चेहरा अगदी साधा होता, आणि नजर दुसरीकडे वळवली की मनात काहीच उरायचं नाही.

तिने बसायच्या आधीच विचारलं, "तुम्हाला इथे बोलावलं कुणी?"

"तुम्हीच की," तो म्हणाला.

तो थट्टा करत नव्हता. उलट, त्याला थोडं नवल वाटलेलं दिसलं. पराभवानंतरची ती मुकी बैठक ताईच्या डोळ्यांपुढे आली, आणि आपणच मोठ्याने उच्चारलेलं ते वाक्यही. त्या वेळी खोलीत फक्त पक्षाची माणसं होती. हा त्यांत होता का? भिंतीला पाठ टेकून बसलेले चेहरे तिने एकेक करून आठवायचा प्रयत्न केला. दाराजवळ कुणीतरी होतं. त्याचा चेहरा आठवेना.

"बोला ना," पाहुणा म्हणाला.

ती बोलली. लाँड्रीत किती बायका वर्षानुवर्षं काम करतात, मळक्या चादरीत सुई राहिली तर ती कशी बोटात जाते, म्हणून तिथे अनुभवी हात का लागतात, ठेकेदार सगळ्यात आधी माणसंच कशी कमी करेल, सगळं सांगितलं. तो म्हणाला, बरोबर. आणि मग? ती आणखी बोलली. त्या दिवशी तिने शांततेला दाद दिली नाही. शांतता पडल्यावर ती तशीच उठून खाली आली आणि आपण जिंकलो असं तिला वाटलं. म्हणून ती दुसऱ्या दिवशीही गेली, आणि पुढच्या आठवड्यातही.

घरी ती सभेची तयारी करू लागली. भांडी घासता घासता मोठ्याने बोलायची तिची जुनी सवय होती. आधी आपली बाजू मांडायची, मग विरोधकाची, मग त्याला उत्तर. धाकटी शेजारच्याच इमारतीत राहायची, कामाची पाळी संपली की डोकावून जायची. एकदा ती बंद दाराबाहेरच थांबली. आत ताई बोलत होती. स्वतःच्या बाजूने बोलताना ती अडखळत होती, घसा साफ करत होती, एकच मुद्दा दोनदा सांगत होती. मग तिने समोरच्याची बाजू घेतली आणि बोलणं नळाच्या पाण्यासारखं वाहायला लागलं. आवाज खाली आला. धाकटीला नीट ऐकण्यासाठी दाराला कान लावावा लागला, आणि कान लावल्यावर ती दचकून मागे झाली. त्या दिवशी ती आत न जाताच परतली.

ठरावाच्या दिवशी पालिकेच्या सभागृहात वरच्या गॅलरीत लाँड्रीच्या बायका येऊन बसल्या होत्या. सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून काही जणी कामाचे ॲप्रन घालूनच आल्या होत्या. खजिनदार बोलला, युवक अध्यक्ष बोलला, मास्तर त्यांच्या नव्या आवाजात थोडकं बोलले. विरोधी पक्षाचे लोक गालातल्या गालात हसत होते. आपलंच जुनं भाषण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणूस हसतो तसे.

मग ताई उभी राहिली. पहिलं वाक्य काय बोलायचं ते तिने पक्कं केलं होतं. ते तिच्या ओठांवर होतं, याबद्दल तिला पुढेही कधी शंका वाटली नाही. तिने दोन्ही हात समोरच्या टेबलावर ठेवले. लाकूड गार होतं, बरं वाटलं.

"मी या लाँड्रीत वाढले," ती म्हणाली, "म्हणूनच मला हे बोलण्याचा हक्क आहे."

सगळं सभागृह पुढे झुकलं. तिला कळलं की आपण फार हळू बोलतोय, आणि आवाज वाढवावा असं तिच्या मनात आलं, पण वाढवला नाही. पुढचं वाक्य आलं, त्याच्यामागून आणखी एक. तिच्या आईच्या फाटलेल्या तळहातांचा उल्लेख आला, आणि अशी कामं माणसांच्या अंगावर लादून ठेवण्यात कसली आलीय माया, असं ती म्हणाली. लाँड्री मोकळी करूया, म्हणाली, आणि या बायकांनाही मोकळं करूया. वाक्यं एकमेकांत नीट बसत होती, टोकाला टोक जुळत होतं. आतून कुठूनतरी ती हे सगळं ऐकत होती. थांबायला हवं, एवढं तिला समजत होतं, पण पुढचं वाक्य इतकं जवळ उभं होतं की ते न घेणं म्हणजे उद्धटपणा झाला असता.

टाळ्या दोन्ही बाजूंनी पडल्या. ठराव मंजूर झाला. गॅलरीतून कुणी ओरडलं नाही. एका म्हाताऱ्या कामगार बाईने धाकटीला विचारलं, ताईची तब्येत बरी नाही का. पाळी सुरू व्हायची होती, धाकटी उठून कामावर गेली.

मी नव्हते ती, असं बाहेर येऊन कुणाला तरी सांगायचं ताईने ठरवलं होतं. पण लोक हात हातात घेत होते, मास्तरांचे डोळे भरून आले होते, आणि सगळ्यात वाईट हे की तिला हलकं हलकं वाटत होतं. पुष्कळ वर्षांत पहिल्यांदा ती कुणाशी भांडत नव्हती. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ती लाँड्रीत गेली. बायकांपुढे उभं राहून समजावणं हे आपलं कर्तव्य आहे, असं तिला वाटलं. पण आधी त्यांनाच बोलू दिलं. आमचं पुढे काय, एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, माझी अजून बरीच वर्षं बाकी आहेत, मला या वयात कोण घेणार. तिसरी रडायलाच लागली. ताईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिचा जीव तुटत होता, ते सोंग नव्हतं.

"बरोबर," ती म्हणाली. "आणि मग?"

बायका आणखी बोलल्या. मग बोलायचं संपलं. रोलर बंद होता, वाफ विरली होती, लाँड्रीत पहिल्यांदाच काहीही ऐकू येत नव्हतं. ताई उभीच होती. थोड्या वेळाने ती रडणारी बाई डोळे पुसत म्हणाली, की खरं तर पाठही फार दुखते हल्ली, हे काम काही आयुष्यभर होणारं नव्हतंच. ताईने मान हलवली. रोलरच्या पलीकडे धाकटी उभी होती. ती ताईकडे बघत होती, आणि तिने हातातली चादर छातीशी घट्ट धरली होती.

पुढची मोठी निवडणूक पक्ष जिंकला. लाँड्रीतली यंत्रं काढून नेली, तिथे गाड्या लावायला जागा झाली. आता चादरी शहराबाहेरच्या शेडमधून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ट्रकने येतात. निम्म्या बायकांना ठेकेदाराने घेतलं, महिन्याच्या बोलीवर, आणि धाकटी त्यांतली एक. जायला-यायलाच तिचा अर्धा दिवस मोडतो. पक्षाची वर्गणी तिने भरली नाही, आणि त्याबद्दल तिला कुणी विचारलंही नाही. ताई राज्याच्या कार्यकारिणीवर गेली. तिच्यावर कुणी जळत नाही, उलट तिच्याशी बोलून आलं की बरं वाटतं, असं लोक म्हणतात.

पाहुणा कधी गेला ते कळलं नाही. वरच्या खोलीची चावी कुणाकडे आहे असं कुणीतरी विचारलं, तेव्हा तो नसल्याचं लक्षात आलं. खजिनदाराच्या मते तो उंच होता, युवक अध्यक्षाच्या मते ठेंगणा आणि जाडसर. मास्तर म्हणाले, फार समजूतदार माणूस होता, आपल्याच जुन्या कार्यकर्त्यांपैकी. खोलीत आता रोज कुणी ना कुणी बसतं. गालिचा अजून तसाच आहे.

दोघी बहिणींचं जाणं-येणं मात्र तुटलं नाही. त्या विषयावर बोलायचं नाही, असं न ठरवता ठरलं होतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी ताई धाकटीकडे जायची. अशाच एका दुपारी धाकटी बटाटे सोलत होती, ताई ओट्याला टेकून उभी होती आणि खिडकीत रेडिओ लागला होता. मुलाखत चालली होती. एक बाई बोलत होती, अगदी हळू, एकेक शब्द जागच्या जागी ठेवत. सुधारणा कुणावरही लादायची नसते, लोकांना ती आपलीच वाटली पाहिजे, असं काहीसं ती म्हणत होती. ताईचं बोलणं थांबलं. ती खिडकीकडे वळली आणि ऐकू लागली. ऐकता ऐकता तिने दोनदा मान डोलावली.

"ही बाई बरं बोलते गं," ती म्हणाली. "कोण आहे?"

धाकटीच्या हातातली सुरी थांबली. तिने ताईच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. थट्टेचा काही मागमूस दिसतो का ते ती शोधत होती.

"तूच आहेस ती, ताई," ती शेवटी म्हणाली. "मागच्या आठवड्यात रेडिओवर जाऊन आलीस ना."

ताई हसली. मग तिने पुन्हा कान दिला. रेडिओवरची बाई आपल्या आईबद्दल सांगत होती, आईच्या हातांबद्दल. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने हात पुसले आणि रेडिओ बंद करायला पुढे झाली.

"थांब," ताई म्हणाली, आणि खिडकीशी आणखी थोडी वाकली. "पुढे काय म्हणते ते ऐकू दे."